एक जबडा की दोन्ही? जबड्याच्या ऑपरेशनमागची पार्श्वभूमी

जबडा पुढे-मागे असल्याने वरचे-खालचे दात जुळत नाहीत आणि जबड्याच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला की घरात पहिला प्रश्न निघतो खर्चाचा. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, एकच जबडा करायचा की दोन्ही? नागपुरात रामदासपेठेतला एक सर्जन म्हणतो, खालचा मागे घेतला की झालं. धंतोलीत दुसरा म्हणतो, दोन्ही हलवावे लागतील. गोंदिया किंवा चंद्रपूरहून आलेले आईवडील अशा वेळी गोंधळतात आणि दोघांपैकी एकाच्या हेतूवर शंका घेऊन परततात. मुलगी लग्नाची असेल तर घाईही असते. या मतभेदात पैशाचा भाग कधीकधी असेलही. पण मूळ वाद साठ-सत्तर वर्षं जुना आहे आणि तो वैद्यकशास्त्राच्या आतलाच आहे.

अगदी जुना काळ थोडक्यात. 1849 साली अमेरिकेत भाजल्याच्या व्रणाने ओढल्या गेलेल्या खालच्या जबड्याचा पुढचा भाग कापून मागे बसवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट लुइसमध्ये अख्खा खालचा जबडा मागे नेण्याचे प्रयोग झाले. 1927 साली एका जर्मन सर्जनने वरचा जबडाही कापला, पण तो पूर्ण सुटा करायचं टाळलं. रक्तपुरवठा तुटला तर दातांसकट हाड मरेल ही भीती होती आणि ती पुढे कितीतरी वर्षं टिकली.

आजची पद्धत सुरू झाली 1950 च्या दशकात, युरोपातून. खालच्या जबड्याची मागची उभी बाजू तोंडाच्या आतूनच दोन पदरांत उभी फाकवायची आणि दात असलेला भाग हवा तसा पुढे-मागे सरकवायचा. गालावर वण नाही, हाडाला हाड भरपूर भिडतं, त्यामुळे जुळतंही लवकर. 1957 साली ही पद्धत इंग्रजीत छापून आली आणि जगभर पसरली. यातूनच एक सवय रुजली. ‘जबड्याचं ऑपरेशन’ म्हणजे खालच्या जबड्याचं, असं डॉक्टर आणि रुग्ण दोघंही धरून चालू लागले. दोष वरच्या जबड्यात असला तरी सुरी खालच्यालाच लागायची, कारण खालचा सुरक्षितपणे करता येत होता.

वरच्या जबड्याची भीती गेली ती 1960 च्या दशकाच्या शेवटी आणि 1970 च्या दशकात. अमेरिकेत माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की टाळूची आणि गालाकडची मऊ त्वचा जोडलेली राहिली तर जबडा पूर्ण सुटा करून खाली उतरवला तरी हाड जिवंत राहतं. त्याच सुमारास, 1970 साली, खालचा जबडा फाकवण्याची पद्धत आणणाऱ्याच सर्जनने झुरिचमध्ये वरचा पुढे आणि खालचा मागे असं एकाच बैठकीत केल्याचं प्रसिद्ध केलं. दोन जबड्यांच्या शस्त्रक्रियेचा हा जन्म म्हणायला हरकत नाही.

तरी ती सगळीकडे लगेच पोचली नाही. हाडं तारेने बांधायचे आणि मग वरचे-खालचे दात एकमेकांना सहा आठवडे जखडून ठेवायचे. त्या काळात रुग्ण वरणाचं पाणी, ताक, पातळ पेज यांवर जगायचा आणि उलटी झाली तर काय, म्हणून तार कापायची कात्री उशाशी असायची. दोन्ही जबडे सुटे करून फक्त तारांवर भरवसा ठेवणं मोठं धाडस होतं. टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा आणि स्क्रू आले, भूल देताना रक्तदाब मुद्दाम कमी ठेवून रक्तस्राव आवरता येऊ लागला, तेव्हा हिशेब बदलला.

नागपूरच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मेडिकल चौकातलं सरकारी डेंटल असो की खासगी रुग्णालयं, इथल्या तोंड-जबड्याच्या सर्जनचा बराच वेळ अपघातातल्या फ्रॅक्चरवर आणि तोंडाच्या कॅन्सरवर जातो. विदर्भातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, हे कॅन्सरमागचं मोठं कारण. खर्ऱ्याने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. जबड्याचं ऑपरेशन तर सगळं तोंडाच्या आतूनच करायचं असतं. चेहरा आणि चावा (दातांची जुळणी) सुधारायला आलेला तरुण खर्रा खाणारा निघाला की एक जबडा की दोन, याच्या आधी तोच प्रश्न सोडवावा लागतो. याला दुसरीही बाजू आहे. प्लेटा बसवायचा हात फ्रॅक्चरवरच तयार होतो, आणि तोच पुढे या नियोजित शस्त्रक्रियांना कामी येतो.

आता खऱ्या वादाकडे. खालचे दात वरच्यांच्या सात मिलीमीटर पुढे असलेला एक चेहरा डोळ्यांसमोर आणा. पूर्वी सर्जन बाजूने काढलेल्या एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून रेषा काढायचा, खालच्या जबड्याचा तुकडा कात्रीने कापायचा आणि कागदावरच मागे सरकवून बघायचा. सात मिलीमीटर मागे घेतला की दात जुळले. कागदावर सुंदर दिसायचं. पण हनुवटीखालचं मांस सैल पडायचं, आणि गालफडं व नाकाच्या बाजूचा खोलगट भाग तसाच राहायचा, कारण मुळात मागे होता तो वरचा जबडा. दुसरा पर्याय म्हणजे वरचा चार पुढे, खालचा तीन मागे. दात तेवढेच जुळतात, चेहरा मात्र वेगळा दिसतो.

दोष कुठल्या जबड्यात हे ठरवायला 1953 पासून काही कोन वापरले जातात. कवटीच्या पायापासून वरच्या जबड्याचा कोन सरासरी 82 अंश, खालच्याचा 80, फरक 2. हे आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून आले, हे विसरून ते आपल्याकडे वर्षानुवर्षं जसेच्या तसे लावले गेले. कवटीचा पायाच थोडा तिरका असला तरी दोन्ही कोन फसवतात. माझ्या मते चुकीचा जबडा निवडला जाण्यामागे सर्जनच्या हातापेक्षा या आकड्यांवरच्या आंधळ्या विश्वासाचा वाटा मोठा आहे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, हसताना दिसणारी हिरडी, ओठ मिटताना पडणारा ताण हे आधी बघायला हवं.

1987 साली अमेरिकेतून अहवाल आला की खालचा जबडा मागे घेतल्यावर काही रुग्णांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सुरू झाला. जीभ जबड्याला बांधलेली असल्याने तीही मागे सरकते आणि घसा अरुंद होतो. 1996 साली कुठली हालचाल किती टिकते याची क्रमवारी आली. तीत वरचा जबडा वर सरकवणं सर्वांत टिकाऊ ठरलं आणि खालचा एकटा मागे नेणं शेवटच्या गटात गेलं. दोन्ही जबड्यांत हालचाल वाटून घेतली तर निकाल त्यापेक्षा बरा टिकतो, असंही दिसलं. या दोन गोष्टींनी तराजू दोन जबड्यांकडे झुकवला.

आता मात्र तो जरा जास्तच झुकला आहे. दोष एकाच जबड्यात स्पष्ट असताना ‘दोन्ही केले की चेहरा छान येतो’ म्हणून दुसराही कापणं मला पटत नाही. खालचा जबडा लहान आणि बाकी चेहरा प्रमाणात असेल तर तो एकटा पुढे आणणं टिकतं, आणि घसाही मोकळा होतो. त्याहून दुर्लक्षित पर्याय म्हणजे फक्त वरचा जबडा. तो वर सरकवला की खालचा आपल्या सांध्यावर आपोआप फिरून वर येतो आणि हनुवटी पुढे दिसू लागते. वरचा मागे असलेल्या चेहऱ्यात तो एकटा पुढे आणून काम भागत असेल, तर खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस वाचते. खालच्या जबड्यातून जाणारी ही नस जबडा फाकवताना ताणली जाते, ओठ महिनोन्महिने बधिर राहतो आणि काहींना ती बधिरता कायमची उरते. संमतीच्या कागदावर ही ओळ असते, पण ती वाचून दाखवणारे कमी.

हा निर्णय खरं तर सर्जनकडे पोचण्याआधीच अर्धा झालेला असतो, ब्रेसेस म्हणजे दातांच्या तारा लावतानाच. खालचा जबडा पुढे असताना ऑपरेशनशिवाय दात जुळवायचे तर खालचे दोन दात काढतात. ऑपरेशन करायचं असेल तर अनेकदा नेमके उलटे, वरचे काढतात. मुलाच्या पंधराव्या वर्षी कुणी ‘तारांनीच होऊन जाईल’ म्हणून खालचे दात काढले आणि एकविसाव्या वर्षी तो ऑपरेशनला आला, तर जबडा मागे घ्यायला दातांत जागाच उरलेली नसते. मग काढलेल्या दातांच्या जागा पुन्हा उघडाव्या लागतात आणि वर्ष-दीड वर्ष वाया जातं. ऑपरेशनची तयारी नीट केली तर तारा लागल्यावर चेहरा आधी बिघडलेला दिसतो, खालचे दात आणखी पुढे येतात. हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरतात आणि उपचार मध्येच सोडतात. तारांचा हा टप्पा मागे ठेवून आधी ऑपरेशन करण्याची रीत जपानमधून 2009 च्या सुमारास पुढे आली. ती सगळ्यांना लागू होत नाही.

संगणकावरचं नियोजन आलं, तसा दोन जबड्यांतला सर्वांत नाजूक भाग सोपा झाला. वरचा आधी कापायचा तर तो कुठे बसवायचा हे अजून न कापलेल्या खालच्या जबड्यावरून, वरच्या-खालच्या दातांमध्ये बसणाऱ्या पट्टीने ठरतं. पूर्वी ती पट्टी प्लास्टरच्या दातांवर हाताने घडायची आणि एखादा मिलीमीटर सहज चुकायचा. आता ती थ्री-डी प्रिंटरवर छापून मिळते. खालचा आधी कापावा की वरचा, यावरही सर्जनांत दोन तट आहेत.

नागपुरात आज सीटी स्कॅन, छापील पट्टी, प्लेटा सगळं मिळतं. विम्याचा दावा मात्र ‘सौंदर्यासाठी’ म्हणून परत येऊ शकतो, म्हणून चावण्याची, बोलण्याची, श्वासाची तक्रार पहिल्या भेटीपासून केसपेपरवर लिहून घ्यावी. आणि खालचा जबडा मागे न्यायचा ठरत असेल तर रुग्ण घोरतो का, हे आईला किंवा खोलीत सोबत झोपणाऱ्याला विचारल्याशिवाय तारीख घेऊ नये.