बालकांमधील संसर्गजन्य अतिसार

जंतुसंसर्गामुळे तान्ह्या व लहान मुलांना दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब होणे. अंगावर पिणाऱ्या बाळाची वरचेवर होणारी मऊसर शी हा मात्र आजार नव्हे. रोटाव्हायरस हे जोरदार जुलाब-उलट्यांचे मोठे कारण. १९७३ मध्ये रूथ बिशप व सहकाऱ्यांनी मेलबर्न येथे आजारी मुलांच्या आतड्यांच्या पेशींत तो पाहिला. नोरोव्हायरस, ई. कोलाय, शिगेला, कॉलऱ्याचे जंतू आणि जिआर्डियासारखे परजीवी ही इतर कारणे. विष्ठेतले जंतू हात, पाणी, अन्न किंवा दुधाच्या बाटलीवाटे तोंडात जातात.

मूल दगावते ते बहुधा पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, आणि तान्ह्या बाळात हे काही तासांतही घडू शकते. डोळे व टाळू खोल जातात, लघवी कमी होते, मूल आधी चिडचिडे होऊन पाण्यासाठी हपापते, मग मलूल पडते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट व्हायला हवी. दोन सेकंदांहून अधिक काळ वळी तशीच राहिली, तर शोष (शरीरातले पाणी कमी होणे) तीव्र आहे. कुपोषित मुलात ही खूण फसवी ठरते.

जुलाब चालू असतानाही आतडे ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेते व त्यामागोमाग पाणी शोषले जाते. याच आधारावर क्षारसंजीवनी (ओआरएस) हे ग्लुकोज व क्षारांचे द्रावण बेतलेले आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेवाटे द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच विरघळवावे. पाणी कमी घेतल्यास मिठाचे प्रमाण घातक ठरू शकते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली पाजतात. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे.

जुलाबात मुलाला उपाशी ठेवण्याची समजूत घातकच आहे. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा. जोडीला १० ते १४ दिवस रोज २० मिग्रॅ जस्त देतात, सहा महिन्यांखालील बाळाला १० मिग्रॅ. जुलाब थांबवणारी औषधे मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविके प्रामुख्याने रक्ती आव व कॉलरा यांत लागतात. विषाणूंवर ती चालत नाहीत. शीतून रक्त, सततची उलटी, गुंगी किंवा पिणे बंद, यांपैकी काहीही दिसल्यास बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती सर्व देशांसाठी शिफारस केली आहे. इतर बहुतेक जंतूंपासून बचाव साबणाने हात धुणे, शुद्ध पाणी, शौचालय आणि पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान यांनीच होतो.