कोरफडीच्या एकाच पानात दोन औषधं

घरी कोरफडीची कुंडी असेल तर हे एकदा करून बघा. खालच्या बाजूचं चांगलं जाड पान बुडापासून सुरीने कापा आणि कापलेलं तोंड खाली करून चिनीमातीच्या पांढऱ्या बशीत उभं धरा. लगेच पिवळा चीक उतरायला लागतो, हळदीच्या पाण्यासारखा, वास उग्र, आणि बशी तशीच ठेवली तर तो हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातो. हा चीक चुकून बोटाला लागून जिभेवर गेला तर ती कडू चव कितीतरी वेळ तोंडातून जात नाही, चूळ भरा नाहीतर गूळ खा. आता तेच पान धुवा, दोन्ही कडांचे काटे काढा, वरची साल सोला. आत काचेसारखा गर, ना रंग ना वास, हातातून सटकणारा, आणि चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच, जरा आंबटसर.

एकाच पानात या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. केमिस्ट्री वेगळी, काम वेगळं, धोका वेगळा. आपण दोघांनाही कोरफडच म्हणतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो असं मला मनापासून वाटतं, कारण हा घोळ मी घरात बघितलाय.

माझे एक काका, साठी ओलांडलेली, बीपीची गोळी चालू, आणि त्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषधही होतं. ते रोज सकाळी बागेत फिरायला जायचे आणि गेटवरच्या ज्यूसवाल्याकडे कोरफड-आवळा घ्यायचे. तो पान सालीसकट मिक्सरला लावायचा, वर लिंबू-मीठ. चार दिवसांत काकांना जुलाब सुरू झाले, पण त्यांना वाटलं की पोट साफ होतंय, आतली घाण निघतेय, म्हणून आनंदच. तीन आठवड्यांनी रात्री पायात असे गोळे यायला लागले की झोप उडाली, चालताना गळून जायचे. रक्त तपासलं तर पोटॅशियम बरंच खाली. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का, तर काका म्हणाले नाही हो, काहीच नाही. कोरफड त्यांच्या लेखी औषध नव्हतंच. ती गोष्ट काकूने सांगितली म्हणून कळली.

झालं काय होतं ते समजून घ्यायचं तर परत पानाकडे यावं लागतं. हिरव्या सालीच्या लगेच आत पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांच्या कडेच्या पेशींमधे तो पिवळा चीक भरलेला असतो. त्यातलं मुख्य द्रव्य ॲलोइन. जनावरांनी पान खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. आपण ॲलोइन गिळलं तर जठरात आणि लहान आतड्यात त्याला फारसं काही होत नाही, ते तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यातले जंतू मात्र त्याचे तुकडे करतात आणि त्यातून जे तयार होतं ते आतड्याला ढोसतं. आतडं जोरात आकुंचन पावायला लागतं आणि पाणी शोषून घ्यायच्या ऐवजी पाणी आत सोडतं. म्हणून रात्री घेतलं की परिणाम सकाळी दिसतो, साधारण 6 ते 12 तासांनी. पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि लघवीचं औषध चालू असेल तर तिकडूनही पोटॅशियम जातच असतं, म्हणजे दोन्हीकडून गळती. काकांचं हेच झालं. हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांना तर हे फारच महागात पडू शकतं, पोटॅशियम उतरलं की ते औषध विषासारखं वागायला लागतं.

हा चीक काही नवीन नाही. आजीच्या डब्यातला काळाबोळ म्हणजे हाच चीक, आटवून वाळवून केलेले काळपट चकचकीत खडे. (हिराबोळ वेगळा बरं का, तो एका झाडाचा डिंक, बरेच जण दोन्हीत गल्लत करतात.) हिंदीत त्याला एलुवा किंवा मुसब्बर म्हणतात. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की उगाळून बेंबीभोवती लावायचा, बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं असलं की आईने कडू कोरफड लावायची, हे सगळं जुनं. इजिप्तच्या साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरस या औषधांच्या ग्रंथातही कोरफडीचा उल्लेख आहे. हजारो वर्षं जगभर व्यापार झाला तो मुख्यतः या वाळलेल्या चिकाचा, गराचा नाही, कारण गर दोन दिवसांत नासतो आणि चिकाचे खडे जहाजातून कुठेही जातात. मूळ झाड अरबस्तानातलं, पण शास्त्रीय नावात बार्बाडेन्सिस असंही येतं, ते कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून, तिथे या खड्यांसाठी कोरफडीची लागवड व्हायची.

म्हणजे जुन्या काळी कोरफड हे पोटात घेण्यापुरतं बोलायचं तर जुलाबाचं औषध होतं, आणि तसंच जपून दिलं जायचं. आयुर्वेदात ती कुमारी, घृतकुमारी, कुमारी आसवही आहे, पण ते वैद्य नाडी बघून, मात्रा ठरवून, किती दिवस ते सांगून देतात. रोज उठून ग्लासभर, कायमचं, हा प्रकार परंपरेतला नाही. तो आत्ताचा आहे.

अमेरिकेत दुकानात बिनाचिठ्ठीच्या मिळणाऱ्या जुलाबाच्या गोळ्यांमधे कोरफडीचा चीक असायचा. 2002 साली तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तो बाद केला, कारण सुरक्षित आहे असं दाखवणारा पुरेसा डेटा कंपन्यांनी दिला नाही. नंतर तिथल्याच सरकारी नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने उंदरांवर मोठा अभ्यास केला, म्हणजे मोठे उंदीर, रॅट. त्यांना दोन वर्षं पिण्याच्या पाण्यातून अख्ख्या पानाचा, चीक न काढलेला अर्क दिला. सर्वात जास्त डोस होता त्या गटात 74 टक्के नरांना आणि 39 टक्के माद्यांना मोठ्या आतड्यात गाठी झाल्या, काही साध्या, काही कॅन्सरच्या. छोट्या उंदरांमधे म्हणजे माऊसमधे तसं दिसलं नाही. माणसात असं होतं याचा पुरावा नाही, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क 2बी गटात टाकलाय, म्हणजे शक्यता आहे पण सिद्ध नाही. घाबरून कुंडी फेकून द्यायची गरज नाही, पण रोज प्यायची गोष्ट असेल तर इतकं पुरेसं आहे असं मी म्हणेन. हेही लक्षात घ्या की हा निकाल चीक असलेल्या अर्काचा आहे. चांगल्या कंपन्या ज्यूस ॲक्टिव्हेटेड चारकोलमधून गाळून ॲलोइन काढतात, आणि कोरफड उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पिण्याच्या मालासाठी 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) खालची मर्यादा घालून घेतलीये. ज्यूसवाल्याच्या मिक्सरला असलं काही गाळण नसतं.

आणखी एक, लिव्हरचं. कोरफडीच्या गोळ्या किंवा ज्यूस काही आठवडे-महिने घेतल्यावर कावीळ झाल्याच्या केसेस जर्मनी, कोरिया अशा ठिकाणांहून नोंदल्या गेल्यात. संख्या कमी आहे, बहुतेक लोक बंद केल्यावर बरे झाले. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर डॉक्टरांना कोरफडीचं नाव सांगायचंच.

आता गर. याची गोष्ट फार वेगळी आणि बरीच चांगली आहे. 98 ते 99 टक्के पाणी, उरलेल्यात साखरेच्या लांब साखळ्या, त्यातली मुख्य ॲसिमॅनन, तिच्यामुळेच तो बुळबुळीतपणा. झाडाला हे पाणी दुष्काळासाठी लागतं. कोरफड दिवसा पानांवरची छिद्रं बंद ठेवते आणि रात्री उघडते, रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवते, म्हणून सकाळी तोडलेल्या पानाचा गर संध्याकाळच्यापेक्षा जास्त आंबट लागतो. दारावर दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड मातीशिवाय महिनोन्महिने जिवंत राहते तीही याच काटकसरीवर.

गराकडे डॉक्टरांचं नीट लक्ष गेलं ते 1935 साली, कॉलिन्स आणि कॉलिन्स या दोघांनी अमेरिकेत क्ष-किरणांमुळे भाजलेल्या त्वचेवर ताजं पान लावून फायदा झाल्याचं छापलं तेव्हा. गंमत म्हणजे कॅन्सरच्या रेडिएशनमुळे होणाऱ्या जळजळीवर नंतर ज्या नीट चाचण्या झाल्या त्यात कोरफडीचा खास उपयोग दिसला नाही. भाजण्यावर मात्र दिसला. 2007 साली चार अभ्यास, 371 पेशंट, एकत्र करून बघितले तर वरवरच्या आणि मधल्या भाजण्यात कोरफड लावलेल्यांची जखम सरासरी 9 दिवस लवकर भरली. अभ्यास एकसारखे नव्हते हे खरं, तरी दिशा स्पष्ट आहे. फक्त क्रम चुकवू नका. कुकरची वाफ लागली, तेल उडालं, तर आधी नळाचं साधं वाहतं पाणी 20 मिनिटं, घड्याळ लावून, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. मग गर. मोठा फोड, चेहरा, मुलाचं भाजणं, कातडी पांढरी पडलेली असेल तर गर-बिर काही नाही, दवाखाना.

आणि उघड्या खोल जखमेवर नको. 1991 साली सिझेरियन किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर टाके उघडलेल्या बायकांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात नेहमीच्या ड्रेसिंगने जखम सरासरी 53 दिवसांत भरली आणि कोरफडीचं जेल लावलेल्यांची 83 दिवसांत. एक महिना उशीर! भाजण्यावर चालतं म्हणून सगळीकडे चालतं असं होत नाही.

सोरायसिसचं, म्हणजे त्वचेवर खवल्यांचे चट्टे उठतात त्या आजाराचं, तर मी कोणालाही सांगते तेव्हा दोन अभ्यास शेजारी ठेवते. 1996 साली पाकिस्तानात 60 पेशंटवर चाचणी झाली, कोरफड क्रीमवाले 83 टक्के बरे, नुसतं क्रीम लावलेले जेमतेम 7 टक्के. सगळीकडे हेच आकडे फिरतात. 2005 साली डेन्मार्कमधे परत करून बघितलं तर कोरफडीने 72.5 टक्के चट्ट्यांत सुधारणा आणि नुसत्या जेलने 82.5 टक्के, म्हणजे बिनकोरफडीचं जेलच पुढे. त्यामुळे सोरायसिसवाल्यांनी चालू औषध सोडून यावर विसंबू नये ही माझी कळकळीची विनंती. तोंडातल्या लायकेन प्लॅनसवर (तोंडात आतून पांढरे चट्टे येऊन जळजळ होते तो आजार) मात्र थायलंडमधल्या 54 पेशंटच्या चाचणीत चांगला गुण आला होता, दातांच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

चेहरा आणि केसांचं थोडक्यात. गर पाणी धरून ठेवतो, त्वचेवर पातळ थर बसतो, गार वाटतं, कोरडेपणा कमी होतो, हे खरं. पिंपल्सवर ट्रेटिनॉइन या लावायच्या औषधाबरोबर कोरफडीचं जेल वापरल्यावर एकट्या ट्रेटिनॉइनपेक्षा बरा परिणाम एका चाचणीत दिसलाय. कोंड्याच्या खाजेवरही थोडा पुरावा आहे. गोरेपणा, नवीन केस उगवणं, सुरकुत्या जाणं, यासाठी पैसे घालवू नका.

बाजारातल्या जेलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. गर बिनरंगाचा असतो हे आपण बशीत बघितलं, मग बाटलीतला तो पोपटी रंग वरून घातलेला. 2016 साली ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या मोठ्या स्टोअर्सच्या स्वतःच्या ब्रँडची जेल लॅबमधे तपासून घेतली तर तिघांत कोरफडीच्या ओळखीची ॲसिमॅनन, मॅलिक आम्ल आणि ग्लुकोज ही तिन्ही द्रव्यं सापडलीच नाहीत, त्याऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली स्वस्त पूड होती. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचायची, यादी जास्तीकडून कमीकडे असते, ॲलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस हे नाव वरच्या दोन-तीनात हवं. सुगंध आणि अल्कोहोल वर असेल तर नाजूक त्वचेला नको. प्रिझर्व्हेटिव्ह असणारच, त्याला नावं ठेवू नका, त्याच्याशिवाय बाटलीत बुरशी येईल.

घरचा गर वापरायचा तर पान कापून 15 मिनिटं ग्लासात उभं ठेवायचं, चीक निथळू द्यायचा, धुवायचं, साल जरा जाडच काढायची आणि गर परत एकदा पाण्याखाली धरायचा. खूप जणांना खाज सुटते ती बऱ्याचदा राहिलेल्या चिकामुळे किंवा पानातल्या सुईसारख्या बारीक कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे. खरी ॲलर्जीही असते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस थांबायचं. उरलेला गर फ्रीजमधे, आणि तीन-चार दिवसांत संपवायचा.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, किडनीचे पेशंट, यांनी पोटात घ्यायचीच नाही. डायबेटिसवाल्यांची शुगर गोळ्यांबरोबर जास्त खाली जाऊ शकते, तेव्हा विचारल्याशिवाय नको. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा की घेत होतो.

काका आता फिरायला जातात तेव्हा शहाळं पितात, तेही डॉक्टरांना विचारून. गॅलरीतली कोरफड आहे तशीच आहे, काकू पोळ्या करताना तव्याचा चटका बसला की नळाखाली हात धरते आणि मला हाक मारते, पान काप गं, पण चीक निथळू दे आधी.