झिंक रिच आणि झिंक फॉस्फेट: एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही

गाडीच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) आधी रेड ऑक्साइडचा, म्हणजे तांबड्या अस्तराचा हात, त्यावर झिंक रिच प्रायमर, म्हणजे जस्ताची भुकटी ठासून भरलेलं अस्तर, आणि मग "आता गंज विसरा". हा सल्ला अजूनही छातीठोकपणे दिला जातो. अशा चॅसीवर पोलाद वाचवायला जस्ताचा काडीचाही उपयोग नाही.

झिंक फॉस्फेट बहुतेकांनी वापरलेला असतो, म्हणून थोडक्यात. इपॉक्सी किंवा अल्किड रंगात मिसळलेली ही पांढरी भुकटी. ओल आत शिरली की किंचित विरघळते आणि पोलादावर फॉस्फेटचा पातळ थर धरून गंजाचा वेग कमी करते. शेंदूर आणि झिंक क्रोमेट विषारी म्हणून मागे पडले, तिथे हा आला. पाणी अडवण्याचं काम मुख्यतः रंगाचंच. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला, की तिथे गंज धरणार.

झिंक रिचचं काम वेगळंच, विजेचं. जस्ताचा प्रमाण विभव (धातू किती सहज झिजतो याचं माप; जास्त ऋण तो आधी झिजतो) −0.76 व्होल्ट, लोखंडाचा −0.44. दोन्ही एकमेकांना टेकलेले असताना ओले झाले, तर जस्त झिजतं आणि पोलाद टिकतं. म्हणूनच बारीक ओरखड्यातलं उघडं पोलादही काही काळ वाचतं. पण त्यासाठी इलेक्ट्रॉनना जस्तापासून पोलादापर्यंत सलग वाट लागते. सुकलेल्या थरात वजनाने किमान 80 टक्के जस्ताची भुकटी हवी असं पोलादाच्या रंगकामाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 12944 म्हणतं, ते याचसाठी: कणाला कण टेकला पाहिजे आणि तळचे कण थेट उघड्या पोलादाला. मध्ये रेड ऑक्साइड, जुना रंग, गंज किंवा रस्ट कन्व्हर्टरचा (गंजावर लावायच्या रसायनाचा) काळा थर आला, की वाट तुटली. उरतो तो फक्त महागडा राखाडी रंग.

वायर ब्रशने चकचकीत केलेला गंजही गंजच असतो. ब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाने खरखरीत कण मारून, पत्रा पांढरट, खरखरीत होणार नसेल, तर माझं स्पष्ट मत: झिंक रिचच्या नादी लागू नका. चांगला इपॉक्सी झिंक फॉस्फेट घ्या. तोही स्वच्छ पत्र्यावरच उत्तम चालतो, पण थोडीफार कसर राहिली तरी पुरता वाया जात नाही.

रंगाची छटा, सुकायचा वेळ हे फरक डब्यावर वाचा.

चॅसी, ब्रॅकेट, वेल्डिंगच्या कडा इथे मी झिंक रिच निवडेन. दरवाजे, बॉनेट यांच्या बाहेरच्या अंगाला कधीच नाही. त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) नीट धरत नाही. झिंक रिचवर अ‍ॅसिड असलेला एच (etch) प्रायमर मारणारे तर धन्यच, कारण ते अ‍ॅसिड आधी जस्तच खातं. हा थर दिलेल्या जागी पुन्हा वेल्डिंग करायचं असेल तर तो घासून काढा आणि हवा खेळती ठेवा; जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

लावताना डबा सतत ढवळत राहा. जस्त जड, लगेच तळाला बसतं, आणि वरवरचं पातळ द्रव्य लावलं तर 80 टक्क्यांचा हिशेब डब्यातच राहतो.