ईडीटी, ईडीपी आणि कानातला फाया

"मामा, ईडीपीच घ्यायचं. डबल स्ट्राँग असतंय," राजारामपुरीतल्या दुकानात भाच्यानं निकाल देऊन टाकला. काउंटरवर एकाच नावाच्या, एकाच निळ्या काचेच्या सेंटच्या दोन बाटल्या होत्या. एकीवर ईडीटी, म्हणजे ओ द त्वालेत. दुसरीवर ईडीपी, म्हणजे ओ द पार्फम, आणि किंमत चांगली दीड हजारानं जास्त. त्यानं दोन्ही खोकी उलटी करून बघितली आणि चमकला. दोन्हींवर ८० टक्केच छापलेलं. "फसवत्यात की मग!"

फसवत नव्हते. तो आकडा अल्कोहोलचा. सुगंधी तेल किती टक्के, हे बहुतेक कंपन्या छापतच नाहीत. धंद्यातला रिवाज असा : कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के, ईडीटीत ५ ते १५, ईडीपीत १५ ते २० आणि नुसतं 'पार्फम' लिहिलेल्या बाटलीत त्याहून जास्त. हा रिवाजच, कायदा नव्हे. त्यामुळे एका कंपनीची दमदार ईडीटी दुसरीच्या पातळ ईडीपीला सहज भारी पडू शकते.

आता 'डबल स्ट्राँग'कडे येऊ. समजा ईडीटीत ८ टक्के तेल आहे आणि ईडीपीत १६ टक्के, बाकी तेल तेच. अंगावर फवारा पडला की अल्कोहोल पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातं. त्याचा उत्कलनबिंदूच ७८ अंश. मागे कातडीवर उरतो तो तेलाचा पातळ थर. म्हणजे ईडीटीचे दोन फवारे एकाच जागी मारले की ईडीपीच्या एका फवाऱ्याएवढं तेल अंगावर आलं. हिशेब मिटला! शिवाय नाक सरळ गुणाकार करत नाही. हवेतल्या सुगंधाचे रेणू दुप्पट झाले तरी बहुतेक वासांच्या बाबतीत नाकाला तो दीडपटही वाटत नाही.

मग दोन बाटल्या कशाला? कारण तेल तेच नसतं, आणि खरी मेख इथंच आहे. कोल्हापुरात एकाच मटणाच्या अळणीतून तांबडा रस्सा निघतो आणि पांढराही. पण पांढरा पातळ केला म्हणून त्याचा तांबडा होत नाही. ब्लू द शनेल या सेंटची ईडीटी २०१० साली आली, ईडीपी २०१४ साली, पार्फम २०१८ साली. दिओरच्या सोवाजची ईडीटी २०१५ची, ईडीपी २०१८ची, पार्फम २०१९चं. एकाच नावाखाली दर वेळी नवी जुळवणी. सोवाजच्या ईडीपीत व्हॅनिलाचा गोडवा पुढे येतो. ईडीटीत लिंबाच्या कुळातल्या बर्गमॉटचा तडफदारपणा जास्त जाणवतो.

आणि कुठला वास किती वेळ राहणार, हे टक्क्यांपेक्षा रेणूंवर ठरतं. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हलकं, रेणुभार १३६. ते पंधरा-वीस मिनिटांत पसार होतं. लव्हेंडरमधलं लिनॅलूल १५४चं, ते थोडं रेंगाळतं. चंदनातलं सँटॅलॉल २२०चं, कस्तुरीच्या जागी वापरलं जाणारं गॅलॅक्सोलाइड २५८चं. हे बसलेले पाहुणे, दुपारच्या चहापर्यंत उठत नाहीत. (रेणुभार हाच एक नियम नाही, रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात हेही असतं. पण अंदाजाला पुरेसा.) ईडीपी करताना साधारणपणे या जड मंडळींचा वाटा वाढवतात. म्हणून ती जास्त टिकते. पण जास्त टिकणं आणि जास्त लांब जाणं यांत गल्लत करू नका. हलके रेणू भराभर हवेत उठतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात कधीकधी ईडीटीचाच दरवळ मोठा असतो.

आमच्या आजोबांच्या कानात अत्तराचा फाया असायचा. कन्नौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात जाते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. त्यात अल्कोहोल मिसळलेलं नसतं. म्हणजे टक्क्यांच्या भाषेत अत्तर जवळजवळ शंभर टक्के. तरी आजोबांचा वास त्यांच्या मांडीवर बसल्यावरच यायचा. चंदनतेल स्वतः आळशी, आणि मोगऱ्या-केवड्याच्या रेणूंनाही धरून ठेवणारं. भाच्याच्या हिशेबानं त्या फायाचा वास पंचगंगेच्या घाटापर्यंत जायला हवा होता.

दुकानात कागदाच्या पट्टीवर वास दाखवतात. त्यावर भरवसा ठेवू नये, असं माझं मत. कागद खोलीइतका गार, कातडी ३२-३३ अंशांची, आणि तापमान चढलं की बाष्पदाब झपाट्यानं चढतो, म्हणजे वास भराभर हवेत उडतो. म्हणून आम्ही डाव्या मनगटावर ईडीटी आणि उजव्यावर ईडीपी घेतली आणि सरळ रंकाळ्यावर गेलो. मनगटं एकमेकांवर घासू नकोस, म्हटलं. घासल्यानं 'रेणू तुटतात' ही थाप आहे. पण घर्षणानं कातडी गरम होते, हलका भाग लवकर उडतो आणि दोन्ही वास एकमेकांत मिसळतात.

एप्रिलची संध्याकाळ, दिवसभर पारा ३७-३८वर जाऊन आलेला. चौपाटीवर पोचेपर्यंत डाव्या हातावरचं लिंबू संपलं होतं, खाली नुसता लाकडासारखा कोरडा वास. उजवा हात मात्र गोड, दाट, आणि भेळेच्या गाडीजवळ उभं राहिल्यावर अक्षरशः नकोसा. याच बाटलीचा जुलैत, झडीच्या गारव्यात, वेगळा अनुभव येईल. तिथं ईडीटी बिचारी दबून जाते आणि ईडीपीला जागा मिळते. भाच्याचं ऑफिस एसीचं, पण तिथवर जायचं ते मोटारसायकलवरून, उन्हातनं. मी ईडीटी सुचवली. कातडी कोरडी असेल तर आधी हाताला थोडं बिनवासाचं मॉइश्चरायझर. तेलकट थरात सुगंध जरा जास्त रेंगाळतो.

तासाभरानं त्यानं दोन्ही मनगटं नाकाला लावली. "मामा, दोन्ही उडालं की. पैसे पाण्यात." परत दुकानात जाऊन आणखी चार फवारे मारून घ्यायचा त्याचा बेत होता. एकच वास सतत येत राहिला की नाकातले वास टिपणारे ग्राही आणि मेंदू दोघंही त्याची दखल घेणं कमी करतात, हे मी सांगायला लागलो, पण त्याला काही पटेना. तसाच त्याला घरी घेऊन आलो.

आक्कानं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. "जिन्यातनंच वास येतोय. बाटली पालथी केलीस काय रं अंगावर?"