बाळंतिणीचे नैराश्य आणि चार आठवड्यांची मुदत : पार्श्वभूमी

स्त्रियांच्या मानसिक आरोग्याकडे वळलेला मनोविकारतज्ज्ञ एम.डी. होतो तो इतरांसारखाच. वेगळेपण येते ते पुढे, प्रसूतिविभागासोबत केलेल्या कामातून. गरोदरपण व बाळंतपणातील मनोविकारांवर १८५८ मध्येच फ्रान्समध्ये स्वतंत्र ग्रंथ निघाला होता, पण त्यानंतर शतकभराहून अधिक काळ हा विषय मनोविकारशास्त्राच्या कडेलाच राहिला.

आजचा खरा वाद मुदतीचा आहे, म्हणजे प्रसूतीनंतर किती काळात सुरू झालेले नैराश्य बाळंतिणीचे मानायचे याचा. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने १९९४ मध्ये प्रसूतीनंतर चार आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या नैराश्याची वेगळी नोंद मान्य केली, तर त्याच काळातील आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने सहा आठवडे धरले. अमेरिकी वर्गीकरणाच्या २०१३ च्या सुधारणेत गरोदरपणाचा समावेश झाला, मात्र प्रसूतीनंतरची मुदत, ती सहा महिने किंवा वर्षभर करावी असा अनेक तज्ज्ञांचा आग्रह असूनही, चार आठवडेच राहिली. आपल्याकडे ही मुदत विशेष अपुरी पडते, कारण पहिलटकरीण तेव्हा माहेरी, सव्वा महिन्याच्या बाळंतपणात असते. तिचे रडणे, झोप उडणे, बाळाला जवळ घ्यावेसे न वाटणे हे सारे ‘अंग ओलं आहे, होतं असं’ या एका वाक्यात निकालात निघते. ती दवाखान्यात येते ती दीड महिन्याच्या डोसाला, आणि तेव्हाही तपासले जाते ते बाळ.

गोव्यातील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांपैकी बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. नवऱ्याची मारहाण, गरिबी आणि मुलगाच हवा हा हट्ट यांचा संबंधही त्यात दिसला. सगळे खापर संप्रेरकांवर फोडणाऱ्यांनी हा अभ्यास अवश्य वाचावा.

२००९ मध्ये बंगळुरूच्या एका राष्ट्रीय संस्थेत आई व बाळ एकत्र राहतील असा कक्ष सुरू झाला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः दूर करता येणार नाही, असे ठरवले. आईच्या आजारामुळे बाळाला इजा होण्याचा धोका असल्यास किंवा बाळाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी गरज असल्यास तात्पुरती ताटातूट करता येते. मात्र त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो, आणि सलग तीस दिवसांपुढे गेल्यास संबंधित मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते.