काळ्या दगडावरची रेघ आणि ग्रीक इतिहासकार

ग्रीसमधल्या डेल्फीच्या अपोलो मंदिरात सोन्याचं एक तीर्थपात्र होतं. ते स्पार्टाच्या लोकांनी अर्पण केलं, असा लेख त्यावर कोरलेला होता. इ. स. पू. पाचव्या शतकातला हिरोडोटस म्हणतो, हे खोटं आहे. पात्र दिलं लिडियाचा राजा क्रीसस याने. स्पार्टाला खूश करायला डेल्फीच्याच कुणीतरी तो मजकूर कोरला. वर तो हेही सांगतो की, त्या माणसाचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते घेणार नाही!

लेख कोरलेला आहे म्हणून तो खरा, असं न मानणारा हा माणूस इजिप्तमध्ये मात्र दुभाष्याच्या हवाली झाला. पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर झालेला १६०० टॅलेंट (वजनाचं ग्रीक माप) चांदीचा खर्च लिहिलाय, असं दुभाष्याने सांगितलं आणि हिरोडोटसने ते तसंच नोंदवलं. लिपी न येणाऱ्याची ही अडचण कायमचीच.

शिलालेखावरून खरा युक्तिवाद पाहायचा तर त्याच शतकातल्या थ्युसिडिडीसकडे जावं. इ. स. पू. ५१४ मध्ये हार्मोडियस आणि अरिस्टोगायटन यांनी हिपार्कसला ठार केलं. त्या वेळी हिपार्कसच अथेन्सचा सत्ताधीश होता, असा सर्वसामान्य अथेन्सकरांचा समज होता. थ्युसिडिडीसचं म्हणणं वेगळं: थोरला भाऊ हिपियास, आणि सत्ताही त्याचीच. पुरावा? अ‍ॅक्रोपोलिसवर (अथेन्सच्या टेकडीवरचा बालेकिल्ला) या घराण्याच्या अन्यायांची नोंद असलेला एक शिलास्तंभ होता. त्यावर हिपियासच्या पाच मुलांची नावं होती, पण हिपार्कस किंवा तिसरा भाऊ थेस्सालस यांच्या एकाही अपत्याचं नाव नव्हतं. थोरल्याचं लग्न आधी होणार, हे साहजिक. शिवाय बापाच्या नावाखालोखाल नाव हिपियासचंच. दगडावर जे नाही तेही पुरावा म्हणून वापरायची ही हुशारी मला फार आवडते.

हिपियासला मुलगा होता हे दाखवायला तो आणखी एक लेख देतो. त्या मुलाचं नाव आजोबांचंच, पिसिस्ट्राटस. त्याने अपोलोच्या आवारात वेदी बांधली. तिच्यावरची अक्षरं पुसट आहेत, पण अजून वाचता येतात, असं थ्युसिडिडीस लिहितो. ही वेदी १८७७ मध्ये अथेन्सच्या इलिसोस नदीजवळ सापडली. मजकूर त्याने दिलेलाच. गंमत म्हणजे अक्षरं चांगली स्पष्ट आहेत! मग पुसट काय होतं? बहुधा खाचांमध्ये भरलेला रंग तेव्हाच उडाला असावा.

थिओपॉम्पस पुढच्या शतकातला. अथेन्सने पर्शियाशी केलेल्या तहाचा शिलालेख बनावट आहे, असं त्याचं म्हणणं होतं. कारण मजकुरात नव्हतं, अक्षरांत होतं. तह पाचव्या शतकाच्या मध्याचा मानला जाई, पण लेख आयोनियन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीकांच्या, वळणाच्या लिपीत होता, आणि ती अथेन्सने अधिकृतपणे स्वीकारली इ. स. पू. ४०३ च्या सुमारास. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तसा नाही. जुना तह नंतर नव्याने कोरलेला असू शकतो, आणि आयोनियन अक्षरं अथेन्सच्या काही लेखांत आधीही दिसतात. त्या तहावरून अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही.

इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियसने रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्यातले करार रोममधल्या ब्राँझच्या पत्र्यांवरून घेतले. सर्वांत जुन्या कराराची लॅटिन इतकी जुनाट होती की जाणकार रोमनांनाही काही भाग मोठ्या कष्टाने लागत असे, हे तो लपवत नाही. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या सैन्याचे आकडेही त्याने असेच मिळवले. दक्षिण इटलीत लॅसिनियमच्या भूशिरावर हॅनिबलने स्वतः करवून ठेवलेला ब्राँझचा पत्रा त्याने पाहिला. इटलीत पोहोचताना उरलेलं पायदळ त्यावरून १२,००० आफ्रिकी आणि ८,००० आयबेरियन, घोडदळ फार तर ६,०००. रोमच्या कट्टर शत्रूने लिहवलेला हा हिशेब विश्वासार्ह का मानायचा? पॉलिबियस तो मानतो, पण एका पुस्तीसह: निदान अशा बाबतीत तरी.