धुतलेले रक्त आणि कलम २३८

खुनाच्या बातमीत आरोपीसोबत त्याच्या आईलाही अटक झाल्याचे वाचले, की जळगाव-धुळ्याकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो: तिने तर फक्त रक्त पुसले, तिचा काय गुन्हा? गुन्हा आहे, आणि तो स्वतंत्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ नुसार (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम २०१), गुन्हा घडल्याचे ठाऊक असताना गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जो पुरावा नाहीसा करतो किंवा खोटी माहिती देतो, त्याला मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेस पात्र असल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आसरा देण्याच्या कलम २४९ मध्ये पती-पत्नीला सूट आहे. येथे ती कोणालाच नाही.

शिवाय पुसलेले रक्त बहुधा पूर्ण जातही नाही. हिमोग्लोबिनमधील लोह फटींत आणि धाग्यांत सूक्ष्म प्रमाणात उरते. त्यावर अंधारात ल्युमिनॉल, अल्कली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे द्रावण फवारले, की ते लोह उत्प्रेरकाचे काम करते. पेरॉक्साइड ल्युमिनॉलचे ऑक्सिडीकरण करते, रेणूतील नायट्रोजन वायुरूपाने बाहेर पडतो आणि मागे उरलेला अमिनोथॅलेट आयन उत्तेजित अवस्थेत असतो. तो मूळ अवस्थेत येताना जादा ऊर्जा सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाच्या रूपाने टाकतो. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नसल्याने अत्यल्प रक्तही पुरते. वाळलेल्या रक्तातील लोह फेरिक रूपात गेलेले असते, म्हणून जुना डाग ताज्यापेक्षा अधिक उजळतो. मृताच्या आत्म्यामुळे डाग पुन्हा उमटतात, ही समजूत निखालस खोटी आहे.

धाब्याच्या घरातील मातीच्या भुईवर मात्र निराळी अडचण येते. रक्त खाली मुरते, वरून शेणाचे ताजे सारवण बसते आणि नुसत्या पृष्ठभागावर फवारून खालचे रक्त दिसत नाही. त्यासाठी सारवणाचे पोपडे खरवडून खालची माती तपासावी लागते.

ब्लीचिंग पावडर आणि तांबे यांमुळेही ल्युमिनॉल चमकते, त्यामुळे ही चाचणी केवळ प्राथमिक ठरते. रक्त माणसाचे आहे का आणि कोणाचे, हे पुढील चाचण्या व डीएनए सांगतात. पुसणाऱ्याला गुन्ह्याची जाणीव होती का, हे कोणतेही रसायन सांगत नाही. १९५२ साली पंजाबातील एका खटल्यात प्रेत पेटीत घालून विहिरीत टाकलेले होते. तरीही मुळात गुन्हाच घडला हे सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने कलम २०१ खालील शिक्षा रद्द केली.